अंतराळातही गाडी लागते

कन्याकुमारीला जाणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या पनवेलला सुरू होतो. मी त्यावरून कर्नाळ्यापर्यंत गेलो आहे. पुण्याचा एक्स्प्रेस-वे कळंबोलीला सुरू होतो. त्यावरून मी खोपोलीपर्यंत गेलो आहे. पुढचा घाट मी पिशवीत तोंड घालून पार केला, त्यामुळे त्याच्या सौंदर्याबद्दल काही सांगता येणार नाही. मला गाडी लागते. एसटी लागते, मोटार लागते, होडी तर बांधलेली असतानाच लागते. स्वतःच्या लग्नात मला घोडा लागला. फोटोत मी गंभीर दिसतो त्याचा लोक भलताच अर्थ काढतात.

गणपतीच्या दिवसांत अख्खं कोकण पनवेलच्या स्टँडवरून पुढे जातं आणि मी आवळासुपारी चघळत त्याला निरोप देतो. माझी ही अवस्था पाहून भाच्याला दया आली. "मामा, तुम्ही बसल्या जागी फिरा. आख्खं विश्व आहे," असं म्हणून त्याने आपला जुना कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये आणून मांडला. त्यात 'नो मॅन्स स्काय' नावाचा खेळ होता.

हा खेळ इंग्लंडातल्या गिल्फर्ड गावच्या हॅलो गेम्स या छोट्याशा कंपनीने २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पनवेल नगरपालिकेची महानगरपालिका झाली. विस्ताराचं वर्षच ते. खेळातल्या ग्रहांची संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील. बायको म्हणाली, "रजा शिल्लक आहे ना तेवढी?"

एवढे ग्रह ठेवले कुठे? तर कुठेच ठेवलेले नाहीत. आमची आई ठिपक्यांची रांगोळी काढायची तशातला हा प्रकार आहे. तिच्या वहीच्या मागच्या पानावर रांगोळी नसायचीच, नुसतं 'पंधरा ते आठ' एवढं लिहिलेलं असायचं. ठिपके मांडले की नेमाप्रमाणे रेघा पडत आणि फूल उमटे. इथेही प्रत्येक ग्रहाचा एक आकडा असतो. तुम्ही जवळ गेलात की सूत्र त्या आकड्यावरून डोंगर, पाणी, जनावरं मांडतं. तुम्ही निघालात की पुसतं. पुन्हा गेलात तर डोंगर तिथेच सापडतो. युक्ती जुनी आहे. १९८४ साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाच्या खेळात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ तारे बसवले होते, तेही ३२ केबीच्या यंत्रात. आज आमच्या सोसायटीची पाणी नसल्याची सूचनासुद्धा तेवढ्यात मावत नाही, कारण वर गुलाबाचं फूल असतं.

तर निघालो. जुलैचा महिना, शनिवारची रात्र, बाहेर पनवेलचा पाऊस. उड्डाणानंतर चौथ्या मिनिटाला मला अंतराळयान लागलं. खुर्ची जागच्या जागी, फरशी जागच्या जागी, आणि पोटात खोपोली. बायकोने न बोलता बादली आणून की-बोर्डशेजारी ठेवली.

पहिले सात ग्रह मी बादलीच्या साक्षीने पाहिले, आणि खरं सांगायचं तर आठव्यापर्यंत चिडलो होतो. पहिल्या ग्रहावर डुकराचं धड आणि टोळाचे पाय असलेला प्राणी दिसला तेव्हा मी टाळी वाजवली होती. चौथ्यावर टोळाचं धड आणि डुकराचे पाय. सातव्यावर तोच, पण जांभळा. खानावळीत जेवलेल्या माणसाला हे शास्त्र नवं नाही: सोमवारी वांगं-बटाटा, मंगळवारी बटाटा-वांगं, बुधवारी रस्सा. भाज्या आठ हजार होतात, चव एकच राहते.

आठव्या ग्रहावर मात्र मी अडकलो. यान उडवायलाच वेगळं इंधन लागतं आणि ते संपलं होतं. ते करायला डाय-हायड्रोजनचे निळे स्फटिक फोडून आणायचे. मी स्फटिक शोधत निघालो, वाटेत एका जांभळ्या डुकराच्या मागे लागलो आणि मान वर केली तेव्हा पडद्यावर अक्षरं आली: यान, २३ मिनिटं. या खेळात अंतर चालण्याच्या वेळेत सांगतात. पनवेलचा रिक्षावाला "पाचच मिनिटं" म्हणतो तेव्हा आशा तरी असते. हे यंत्र खरं बोलत होतं.

तेवढ्यात विषारी पाऊस सुरू झाला. पोशाखाचं संरक्षण ४० टक्के, मग २५, मग १५. ते भरायला सोडियम हवं, सोडियमची झाडं पिवळी, आणि माझ्या आसपास सगळं जांभळं. खिडकीबाहेर खरा पाऊस, पडद्यावर खोटा, मांडीवर बादली. साडेबाराला भाच्याला फोन केला.

"मामा, खड्डा खणा आणि त्यात बसा."

"पनवेलच्या माणसाला पावसाळ्यात खड्ड्यात बसायला कॉम्प्युटर लागतो होय रे?"

पण खणला. बसलो. संरक्षण भरू लागलं. एक पन्नाशीचा माणूस रात्री एक वाजता स्वतःच्या हॉलमध्ये, नसलेल्या ग्रहावर, स्वतः खणलेल्या खड्ड्यात पाऊस थांबायची वाट बघत होता. त्या एकांतात भाच्याने सांगितलेली एक हकिगत आठवली. खेळ आला त्या सुमारास दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. ती सोय धड २०१८ साली झाली. मला नवल वाटलं नाही. पनवेल स्टेशनवर मी पूर्वेला आणि पाहुणे पश्चिमेला, असं आम्ही कित्येकदा भेटलो आहोत.

दीड वाजता पाऊस थांबला. मी खड्ड्यातून डोकं वर काढलं आणि आकाश भरून एक कडी असलेला ग्रह उगवत होता. शेंदरी. खालच्या डबक्यांतही तोच. मळमळ थांबली. आणि पहिल्यांदाच वाटलं, हे कुणाला तरी दाखवलं पाहिजे.

बायकोला उठवलं. ती शिव्या देत आली आणि गप्प उभी राहिली.

"कोण राहतं इथे?"

"कुणी नाही. आपणच पहिले."

"मग इथून कुणाला उठवलं नसेल."

तिचं माहेर चिंचपाडा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यांतलं एक. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, माणसं दुसरीकडे राहायला गेली. २०२५ च्या डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. गच्चीत कपडे काढताना डोक्यावरून एखादं गेलं की ती म्हणते, "आमच्या ओट्यावरनं उडालं." एरवी बोलत नाही.

पहिल्यांदा पोचणाऱ्याला ग्रहाचं नाव ठेवता येतं. पुढे कुणी आलाच तर त्याला तेच नाव दिसतं. मी 'न्यू पनवेल' ठेवणार होतो, पण सेक्टर पाडावे लागले असते. तिने की-बोर्ड ओढला आणि एकेक इंग्रजी अक्षर शोधून 'चिंचपाडा' लिहिलं. स्पेलिंगवरून आमचं थोडं भांडण झालं. मग ती बादली उचलून आत गेली.

एवढं फिरून काही मिळतं का, असं भाचा विचारतो. सात ग्रहांवर काही मिळालं नाही. आठव्यावर मिळालं, आणि ते सूत्रात नव्हतं. सूत्र डोंगर देतं, डबकं देतं, शेंदरी उजेडही देतं. ओटा आपल्याला न्यावा लागतो.

तुम्ही जाणार असाल तर उतरण्याआधी इंधन बघा, पिवळी झाडं दिसतील तिथे तोडून घ्या आणि बादली जवळ ठेवा. आणि काही खरंच चांगलं दिसलं तर शिव्या खायची तयारी ठेवून घरातल्या माणसाला झोपेतून उठवा.