कंचं कवठं?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सांगली स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तोंड घालून विचारलं, "कवठ्याची गाडी किती वाजता?" आतून आवाज आला, "कंचं कवठं, पावणं? महांकाळ, एकंद का पिरान?" साताऱ्यात विचारलं असतं, तर वाईजवळचं, किसन वीरांचं कवठेही हजर झालं असतं. एकाच झाडानं दोन जिल्ह्यांत एवढी गावं नावावर करून घेतली आहेत. कोयना-महाबळेश्वरचा धो धो पाऊस त्याला मानवत नाही. त्याला कोरडी हवा आणि रखरखीत ऊन लागतं. अंगावर काटे, सालीवर डिंक. जवळचं नातं बेलाशी, लांबचं लिंबाशी.

बी रुजून आलेलं प्रत्येक कवठ आपल्या मर्जीचं. आमच्या मामाच्या बांधावर दोन झाडं होती. एकाची फळं लिंबाहून जरा मोठी, आणि इतकी आंबट की खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटायचा. दुसऱ्याची मुठीत न मावणारी, गर तांबूस, गुळाशिवाय खाता येईल असा. लिनियसनं 1762 मध्ये कवठाच्या शास्त्रीय नावात 'अत्यंत आंबट' असा शेरा मारला, तो बहुधा पहिलं झाड चाखून. आंब्याला हापूस, पायरी अशी भारदस्त नावं. कवठाला आम्ही 'विहिरीवरचं' आणि 'वाटेवरचं' म्हणायचो. गावांचं झालं तेच झाडांचंही. नुसतं 'कवठ' म्हणून भागत नाही.

वरून तर काहीच कळत नाही. करड्या, खरबरीत कवटीआड कच्चं की पिकं हे ओळखायला फळ हातभर उंचीवरून टाकायचं. कच्चं टणकन उसळतं, पिकलेलं धप्पकन बसतं. हत्तीनं गिळलेलं कवठ टरफल शाबूत ठेवून आतून पोकळ होतं, असा संस्कृतात एक न्यायच आहे. अशी चारदोन माणसं माझ्याही ओळखीची आहेत.

गाडीला वेळ होता. स्टँडबाहेर एक आजी पाटीत कवठं घेऊन बसल्या होत्या. मी दोन आपटून पाहिली, दोन्ही धप्पकन बसली. तेवढ्यानं धीर येऊन जाणकारासारखं विचारलं, "आजी, कंच्या झाडाचं?"

"कवठाच्या," आजी म्हणाल्या. "गोड हाय, न्या."

घरी चटणीला पाव किलो गूळ लागला.