ड्रायरची नाडी

कुरुंदवाडात धुणं धुणे हे काम समजतात, वाळवणं हे काम समजत नाहीत. धुण्याला पावडर लागते, पाणी लागतं, कुणाच्या कॉलरी जास्त मळतात यावर भांडण लागतं. वाळवायला ऊन आणि वारा. झटकून दोरीवर टाकलं की आपली जबाबदारी संपली. म्हणून सेमी ऑटोमॅटिक मशिन घरात आलं तेव्हा धुवायच्या टबाला मान मिळाला. शेजारचा ड्रायर वाऱ्याच्या खात्यात जमा झाला. आणि वारा कोण पुसून ठेवतो?

खरं तर त्या ड्रायरमध्ये काही वाळत नाही. मिनिटाला हजारावर गिरक्या घेऊन तो कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकतो, एवढंच. उरलेली ओल दोरीनं घालवायची. पण पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढू लागली, पलीकडे नरसोबाच्या वाडीला लोक पुराचं पाणी दत्तमंदिरातून वाहण्याची, म्हणजे दक्षिणद्वाराची वाट बघू लागले, की दोरी रजेवर जाते. मग जिन्याच्या कठड्यावर, कपाटाच्या दारावर, पंख्याखाली बनियनं लोंबतात. पाहुणा आला की त्याच्या डोक्यावरचा ओला टॉवेल बाजूला सारत ‘बसा की’ म्हणायचं. या दिवसांत ड्रायर दोनदोनदा फिरतो. २०१९च्या महापुरात कितीतरी घरांत तो माळ्यावरही जाऊन आला. पण त्याला फडकं लागत नाही ते नाहीच.

एकदा त्याच्या काठाच्या आतून बोट फिरवून बघावं. करडा, बुळबुळीत थर हाताला येतो. त्यात साबण असतो, केस असतात, आणि आमच्याकडं कापूस हमखास असतो. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला. तेव्हापासून या पट्ट्यातली माणसं मिशीत कापूस घेऊनच संध्याकाळी घरी येतात. पुढं उसाचं गाळप सुरू झालं की दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर काजळी उतरते, आणि तो शर्ट पुन्हा पाण्यात, पुन्हा ड्रायरमध्ये. हे सगळं त्या भोकांत जाऊन बसतं. जुना टूथब्रश आणि लिंबूसत्वाचं कोमट पाणी एवढ्यावर ते निघतं. पण टूथब्रश कंगवे घासायला ठेवलेला असतो.

न्यू जर्सीतला आमचा भाचा मात्र दर खेपेला ड्रायरची जाळी काढून कापसाची लव सोलून टाकतो. त्याचा ड्रायर गरम हवेनं खरोखरच वाळवतो, त्यामुळं साचलेली लव पेटू शकते. अमेरिकेच्या अग्निशमन खात्याच्या हिशेबात २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सफाई न करणं हे त्यातलं आघाडीचं कारण. आमच्या ड्रायरची मजल खडखडण्यापुढं जात नाही. फार तर मोरीतून दारापर्यंत चालत येतो.

आमच्या भागात मनापासून निगा राखलेला ड्रायर एकच, सोवळ्याचा. छताजवळची उंच दांडी आधी पुसायची, मग ओलं धोतर काठीनं वर चढवायचं. हात लागता कामा नये. ती दांडी मळलेली कुणी पाहिली नसेल. मशिनचा ड्रायर असाच विटाळाच्या धाकात ठेवला असता तर मेकॅनिकचा धंदा बसला असता.

मेकॅनिक आला की पहिला प्रश्न ठरलेला. “काकू, आतलं टोपण घालताय न्हवं?” कपड्यांवर दाबून बसवायची ती भोकाभोकांची चकती. आमच्याकडं ती उन्हाळ्यात चार कुरडया घेऊन गच्चीवर गेली, ती तिथंच रमली. वाळवणाचा धंदा तिनं सोडला नाही, एवढंच. चकती नसली की बारीक कपडा उसळतो आणि टबाच्या बाहेरून खाली उतरतो. मग ड्रायर नुसता घुमतो, फिरत नाही. घरातले पंडित लगेच सांगतात, कंडेन्सर गेला. मेकॅनिक मशिन आडवं करतो, पाठीमागचा पत्रा उघडतो, आत हात घालतो आणि ओढू लागतो. दांड्याला घट्ट गुंडाळलेली पायजम्याची नाडी वाव वाव बाहेर येते, शेंड्याला थोडा पायजमाही असतो.

“ही तर ह्यांची,” आई म्हणाली. “आणि मी धुणंवाल्या बाईला बोलत होते.”

“सीलपण बदलू का?” मेकॅनिकनं विचारलं. “पाणी मोटारीवर गळतंय.”

“फिरतोय न्हवं आता? मग दिवाळीला बघू.”

त्यानं हात धुतले आणि पुसायला दोरीवरचा टॉवेल ओढला. तो ओलाच होता.