आटपाट नगराचं आरमार

आटपाट नगर होतं. तिथे राजा होता, त्याला एक आवडती आणि एक नावडती अशा दोन राण्या होत्या. गरीब ब्राह्मण होता, रान होतं, रानात तळं होतं, तळ्याकाठी वसा घेतलेल्या नागकन्या होत्या. आरमार तेवढं नव्हतं. श्रावणामागून श्रावण गेले, हातात तांदळाचे दाणे धरून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कहाण्या ऐकल्या, पण राज्याच्या बंदोबस्तातली एवढी मोठी उणीव एकीच्याही लक्षात आली नाही. माझ्या लक्षात ती आली निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, दुपारी साडेतीनला, चहा व्हायच्या जरा आधी. तेव्हापासून मी आटपाट नगरासाठी नदीतल्या गनबोटी आणि गस्तीच्या नौका आखतो आहे. आलेखाच्या वहीत, एका चौकोनाला अर्धा मीटर धरून, वरून, बाजूने आणि समोरून.

समुद्र मी मुद्दामच घेतला नाही. कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाला समुद्र नेहमीच थोडा उद्धट वाटतो. आपल्याकडे पाठ करून तो कायम दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतो. नदीला पलीकडचा काठ असतो, आणि त्या काठावर कुणीतरी धुणं धूत असतं. तेव्हा आटपाटाला एक नदी दिली आणि नगराच्या नावाला जागून तिचं नाव ठेवलं ‘आटती’. पहिल्या दोन गनबोटींची नावं शोधावी लागलीच नाहीत. ‘आवडती’ आणि ‘नावडती’. दोघी एकाच मापाच्या. पण रंगाचा डबा, नवी दोरखंडं, चांगला स्वयंपाकी हे सगळं आधी कुणाकडे जाणार हे कागदावरसुद्धा ठरून गेलं. नावात काय असतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा आरमार काढून पाहावं.

नावांच्या बाबतीत खऱ्या आरमारांनीही फार पोक्तपणा दाखवलेला नाही. ब्रिटिशांनी १९१५-१६ मध्ये बारा मोठ्या नदी-गनबोटी बांधल्या आणि त्यांना किड्यांची नावं दिली. मधमाशी, रातकिडा, चिलट, आणि एक तर चक्क मावा. आपल्याकडचा शेतकरी त्या बोटीवर फवारणीच करून मोकळा झाला असता. त्याच सुमारास टांगानिका सरोवरावर पाठवायच्या दोन लाँचना त्यांच्या कमांडरने ‘मांजर’ आणि ‘कुत्रा’ अशी नावं सुचवली. वरिष्ठांना ती अप्रतिष्ठेची वाटली. मग त्याने फ्रेंच पोरांच्या बोलीतली ‘मिमी’ आणि ‘तूतू’ ही नावं पाठवली, म्हणजे आपलं म्याऊ आणि भूभू, आणि ती मंजूर झाली. आयुष्य कचेरीत काढल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. नामंजूर प्रस्ताव दुसऱ्या भाषेत लिहून पाठवला की सही होते, हे ज्ञान सार्वत्रिक आहे. जर्मनांची ‘किंगानी’ ही बोट हाती लागली तेव्हा तिचं नाव ‘फिफी’ ठेवून त्यांनी बारसं पुरं केलं.

तर मी आरमाराचा प्रधान, मीच दर्यासारंग, मीच सुतार आणि लोहार, आणि दुर्दैवाने मीच अर्थखातं. सकाळी प्रस्ताव मांडायचा आणि दुपारी त्यावर ‘गरज स्पष्ट करावी’ असा शेरा मारायचा, हा माझा दिनक्रम. सगळे वाद एका शब्दापाशी येऊन थांबतात. बोटीचा जो भाग पाण्याखाली राहतो त्याच्या खोलीला बोटी बांधणारे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मी छत्तीस वर्षं ड्राफ्टच केले, टिपणांचे आणि पत्रांचे. त्या ड्राफ्टांत कितीही पाणी घातलं तरी कुणी बुडत नसे. इथलं गणित निर्दय आहे. माझी बोट चाळीस मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. दोन्ही टोकांची निमुळती गोलाई वजा केली, तर ती पाण्यावर साधारण २७० चौरस मीटर जागा अडवते. म्हणजे २.७ टन वजन चढवलं की ती गोड्या पाण्यात एक सेंटिमीटर खाली जाते. पन्नास किलोची चोपन्न पोती तांदूळ चढवा, एक सेंटिमीटर. तोफेपुढे पोलादी ढाल लावा, एक सेंटिमीटर. दर्यासारंगाला दोन खिडक्यांची खोली द्या, अर्धा सेंटिमीटर. मोठेपणाचं वजन इतक्या अचूक मापात मला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी खऱ्या गनबोटी बांधल्या त्यांचा जीवही या सेंटिमीटरांतच अडकलेला असे. आल्फ्रेड यॅरो या जहाजबांधणीवाल्याने त्यावर एक सुरेख तोड वापरली. उथळ पाण्यात चालायचं तर पंखा लहान हवा, आणि लहान पंख्याला जोर नाही. म्हणून त्याने बोटीच्या बुडाला उलट्या पन्हळीसारखा बोगदा दिला आणि पंखा त्यात वर सरकवून बसवला. पंखा फिरू लागला की पाणी ओढलं जाऊन बोगदा गच्च भरतो, आणि पाण्याच्या पातळीच्या वर डोकं काढलेला पंखाही पूर्ण बुडाल्यासारखा काम करतो. त्या किडे-गनबोटी या युक्तीमुळे २३७ फूट लांब आणि सहा इंची दोन तोफा घेऊन जेमतेम चार फूट पाण्यात चालत. त्या होत्या डॅन्यूब नदीवर लढण्यासाठी; पण शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांना चीनच्या नद्यांवरच्या बोटी म्हटलं गेलं. युद्ध संपलं आणि त्यांतल्या बहुतेक खरोखरच चीनच्या नद्यांवर गेल्या. चुकवण्यासाठी लिहिलेल्या खोट्या पत्त्यावर पत्र नेमकं पोचावं, तशा.

या कुळाची सगळ्यांत चिवट कहाणी मात्र टिटिकाका सरोवरावरची. पेरूच्या आरमाराने १८६१ मध्ये इंग्लंडहून दोन छोट्या गनबोटी मागवल्या. सरोवर ३,८०० मीटर उंचीवर, आणि तिथवर रेल्वे नाही. म्हणून बोटींचे २,७६६ तुकडे केले, प्रत्येक तुकडा खेचराच्या पाठीला झेपेल एवढाच. किनाऱ्यापासून थोडी आगगाडी आणि पुढे अँडीज पर्वत चढणारी खेचरं. पहिली बोट, ‘यावारी’, पाण्यात उतरली ती १८७० च्या नाताळात. वर कोळसा मिळेना, तेव्हा तिच्या बंबात लामांच्या वाळलेल्या लेंड्या जाळल्या गेल्या. हे वाचलं त्या दिवशी मला शेणी थापणारी आमची आजी एकदम आरमार खात्यात दिसू लागली.

आणि एक बोट आपल्या ओळखीची निघाली. तैग्रिस नदीसाठी बांधलेल्या लहान गनबोटींत एक होती ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा. १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर ती ज्या फौजेबरोबर होती, तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन, आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. माघार घेताना १ डिसेंबरला गोळा काजव्याच्या बॉयलरवर बसला आणि ती तुर्कांच्या हाती गेली. फौज कूतला वेढ्यात अडकली आणि पाच महिन्यांनी, उपासमारीनंतर, शरण गेली. त्या पलटणींतल्या पोरांपैकी किती जण गावची नदी पोहून मोठे झाले असतील! परक्या देशाच्या मातकट पाण्यात ती काळी पडलेली बोट मागे राहताना त्यांना काय वाटलं असेल, ते माझ्या आलेखाच्या वहीत मावत नाही. त्या पानावर मी फक्त तारीख लिहून ठेवली आहे. काजवा १९१७ च्या फेब्रुवारीत परत मिळाला. सगळी पोरं तशी परत मिळाली नाहीत.

त्यानंतर माझ्या आरमाराचं काहीतरी बिनसलं. बोटी जड वाटू लागल्या. खरं तर नदी माझी, पाणी माझं. आटतीला मी हवी तेवढी खोल करू शकत होतो. खोडरबर आणि पेन्सिल, एवढाच काय तो खर्च. पण एप्रिल महिन्याचं पान काढलं आणि हात थांबला. कृष्णाकाठच्या माणसाला एप्रिलमधली नदी माहीत असते. मधे दगड उघडे पडलेले, म्हशी बसलेल्या, पाणी कुठे कमरेएवढं, कुठे गुडघ्याएवढं. नदी खोटी असली म्हणून तिच्यात खोटं पाणी भरायला मन धजेना. मग बोटच हलकी करायची. आधी डोलकाठी गेली, मग ढाल. दर्यासारंगाची खोली गेली. त्याने कुरकुर केली, पण तो मीच असल्यामुळे मिटलं. मग मागची तोफ. पुढची तोफ काढताना अर्थखात्यालासुद्धा जरा वाईट वाटलं.

पण तोफ काढलेली गनबोट बिचारी दिसत नाही, असं माझ्या ध्यानात आलं. डॅन्यूबवरची ‘बोद्रोग’ ही ऑस्ट्रिया-हंगेरीची तोफनौका. १९१४ च्या जुलैअखेर, महायुद्धाच्या पहिल्याच रात्री, बेलग्रेडवर गोळे डागणाऱ्यांत ती होती. पुढे देश बदलले, नाव बदललं, तोफा गेल्या, आणि म्हातारपणी ती कितीतरी वर्षं खडी वाहणारा पडाव म्हणून राबली. आता तिला रंगरंगोटी करून बेलग्रेडलाच जपून ठेवलं आहे. तिला विचारलं, तर तिला खडीचे दिवस जास्त आठवत असतील. पहिल्या रात्रीबद्दल कोण बोलतं?

हलकं करता करता माझी बोट आखूड झाली. इंजिन गेलं तेव्हा बोगद्याचं कारण उरलं नाही. नदी इतकी उथळ की वळायलाही जागा नाही, म्हणून पुढचं टोक आणि मागचं टोक सारखंच केलं. मग टोकं हवीतच कशाला? परवा अकराव्या आराखड्यासाठी कंपासपेटी उघडली आणि पानावर एक वर्तुळ काढलं. त्याच्याकडे पाहत बराच वेळ बसलो. ती काहील होती.

गुळाची काहील. हंगाम संपला की आमच्या भागात तीच नदीत सोडायचे आणि माणसं पैलतीरी न्यायचे. सपाट बुडाची, गोल, वीतभर पाण्यात तरंगणारी. बाहेरून काजळीने काळी, आतून रस आटवून आटवून चकचकीत, आणि उन्हं तापली की तिला अजून गुळाचा वास यायचा. मुंग्यासुद्धा आमच्याबरोबर फुकट पैलतीरी जात. मी सात वर्षांचा असेन. आजोळी जाताना काहिलीवाले मामा बखोटीला धरून मला आत उतरवत आणि म्हणत, “मधोमध बस बाळ. उभं ऱ्हाऊ नगंस.” तोल, वजन आणि गुरुत्वमध्य यांवरची जाडजूड पुस्तकं मी पुढे वाचली. त्यांत याहून निराळं काही नाही. मामा एका हाताने वल्हं मारत, काहील स्वतःभोवती सावकाश फिरत जायची, आणि त्या फिरण्यात मला दोन्ही काठ आळीपाळीने दिसत. एका काठावर हात हलवणारी आई, दुसऱ्या काठावर डोळ्यांवर हात धरून उभी आजी.

तेव्हा आटपाट नगराच्या आरमाराची ताजी नोंद अशी: गस्ती नौका, नग एक. लांबी-रुंदी सारखीच. तोफा नाहीत. खलाशी एक, उतारू बेताचे. ड्राफ्ट एक वीत. अर्थखात्याने प्रथमच कोणताही शेरा न मारता सही केली. पान फाडून मी उजेडाला धरलं, रेघ कुठे तुटली आहे का पाहायला. रेघ नीट होती, पण कंपासचं टोक जरा जोरात रुतलं होतं. माझ्या काहिलीच्या बुडाला, बरोबर मधोमध, टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा ठिपका आत येत होता. मी त्यावर बोट ठेवलं. तिथे मी बसायचो.