चोर स्विच आणि निळा त्रिकोण

भिवंडीत वस्तू चालू राहावी म्हणून माणसं वाट्टेल तो खर्च करतील. ती बंद व्हावी म्हणून मात्र कुणी खिशात हात घालत नाही. माग चालला पाहिजे, कंटेनर वेळेत निघाला पाहिजे, गोदामाचं शटर वर गेलं पाहिजे. २००७च्या जानेवारीत इथलं वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेलं. त्याच्या आधीच्या भारनियमनाचा विषय निघाला की जुने मागवाले अजून कपाळाला आठ्या घालतात. बंद म्हणजे तोटा, एवढं साधं गणित. अपवाद फक्त शुक्रवारचा. त्या दिवशी माग थांबतात आणि आमच्यासारख्या खडखडाटात वाढलेल्या माणसांना दुपारची झोप लागत नाही.

अशा गावात माझ्या भाच्याने एक जुनी एस्टीम घेतली. मागची सीट, छताचं अस्तर, कारपेट, टेप, सगळं उपटून काढलं आणि उरलेल्या सांगाड्यासाठी पहिली खरेदी केली ती गाडी बंद करणाऱ्या खटक्याची. ही गाडी ठाण्याला जायची नाही की वज्रेश्वरीला जायची नाही. ट्रकवर चढून थेट कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर शर्यतीला जायची आणि तिथे गोल गोल फिरून परत यायची. ज्या ठिकाणाहून निघालो तिथेच परत यायला एवढी घाई कशाला, हा प्रश्न मी गिळला. ताईने मात्र दुसरा विचारला, "बंद करायला गाडीला किल्ली असते ना रे?"

"आई, किल्ली फिरवायला माणूस शुद्धीवर लागतो," भाचा म्हणाला. ताई स्वयंपाकघरात निघून गेली. काही खुलासे आईसमोर करायचे नसतात, हे इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत.

पण त्याचं म्हणणं खरं होतं. गाडी उलटली, बॅटरीची जाड तार चेपून पत्र्याला टेकली, की जी ठिणगी पडते तिला किल्ली चालू आहे की बंद याचं सोयरसुतक नसतं. आणि इग्निशन चालू राहिलं तर पेट्रोलचा पंपही, नळी फुटलेली असो वा नसो, आपलं काम इमानेइतबारे करत राहू शकतो. म्हणून शर्यतीच्या गाडीत एकच खटका असा हवा, की तो फिरवला की बॅटरी, दिवे, इग्निशन सगळं तुटेल आणि इंजिनही थांबेल. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा, म्हणजे एफआयएचा, नियम याच्याही पुढे जातो. खटका आतून चालला पाहिजे तसा बाहेरूनही चालला पाहिजे. छत असलेल्या गाडीत बाहेरची मूठ समोरच्या काचेच्या खांबाच्या पायथ्याशी असते. शिवाय ती शोधावी लागू नये म्हणून तिथे निळा त्रिकोण, त्याला पांढरी किनार आणि आत लाल वीज. त्रिकोणाचा पाया किमान बारा सेंटीमीटर, म्हणजे धावत येणाऱ्या माणसालाही दिसेल एवढा.

हे काम घेऊन आम्ही अंजूर फाट्याजवळच्या चाचांकडे गेलो. चाचा ट्रकचे इलेक्ट्रिशियन. वायरिंग, हॉर्न, डायनॅमो, जे म्हणाल ते करतात, पण हायवेवर त्यांचं नाव आहे ते चोर स्विचसाठी. ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, त्यासाठी बाराच्या दोन बॅटऱ्या. रात्री ढाब्यावर किंवा गोदामाबाहेरच्या रांगेत ड्रायव्हर झोपला की कुणी गाडीच घेऊन जाऊ नये म्हणून चाचा एक खटका अशा जागी बसवतात की तो मालकाला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक, तिसऱ्याला नाही. सीटच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात, एकदा तर म्हणे देवाच्या फोटोमागे. खटका जितका सापडायला कठीण, तितकी कारागिरी मोठी.

त्यांना भाच्याने सांगितलं, "चाचा, हा बाहेर बसवायचा. आणि वर स्टिकर लावायचं."

चाचांनी चष्मा काढला. "बाहेर? सबको दिखेगा."

"दिसायलाच पाहिजे."

"कोई भी बंद कर देगा."

"कुणालाही करता आलं पाहिजे."

"बेटा," चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, हे माझ्याच संस्कारांचं फळ असल्यासारखं, "मैंने सारी उमर स्विच छुपाया. ये लडका चोर को तख्ती लगाके रस्ता दिखा रहा है!"

शेवटी चहा आला आणि काम सुरू झालं. ट्रकचा साधा दोन टोकांचा कट-ऑफ चाचांच्या फळीवर होताच. महागडा मागवायची गरज काय, असं म्हणत त्यांनी तो बॅटरीच्या निगेटिव्हवर तात्पुरता जोडला. भाचा काहीतरी सांगू पाहत होता. चाचांनी हाताने गप्प केलं. इंजिन सुरू केलं, खटका फिरवला. इंजिन चालूच. चाचांनी पुन्हा फिरवला. इंजिनाला काही फरक पडला नाही.

एकदा इंजिन फिरू लागलं की बॅटरीची त्याला फारशी गरज उरत नाही. अल्टरनेटर वीज तयार करतो आणि त्याच विजेवर इग्निशन निवांत चालतं. उपास धरलेल्या माणसाने साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारावा, तसं बॅटरी सोडलेलं इंजिन मजेत चालू होतं. त्यातून, चालू गाडीत बॅटरी अचानक तोडली की अल्टरनेटरची वीज एकदम उसळते आणि गाडीतला कॉम्प्युटर उडू शकतो. तो उडाला नाही, हे नशीब.

चाचांच्या लक्षात हे आजवर न येण्याचं कारण मात्र मानाचं होतं. त्यांची सगळी हयात जुन्या डिझेल इंजिनांत गेली. त्या इंजिनांना चालायला ठिणगी लागतच नाही. बंद करायचं तर डिझेलच तोडावं लागतं, म्हणून डॅशबोर्डवर ओढायची ती मूठ. कट-ऑफने इंजिन थांबावं ही अपेक्षाच त्या जगात नव्हती.

मग भाच्याने पिशवीतून आपला खटका काढला. लाल चावीचा, मागे सहा टोकं. दोन जाडजूड, ती बॅटरीची. चार बारकी. त्यातली एक जोडी खटका फिरला की उघडते आणि इग्निशन तोडते. दुसरी उलट, त्याच क्षणी जुळते आणि अल्टरनेटरची उरलीसुरली वीज एका चिमुकल्या रेझिस्टरमधून जमिनीला पोचवते. तीन ओहम, अकरा वॅट. आकार खडूच्या तुकड्याएवढा. चाचांनी तो रेझिस्टर बोटांत धरून उजेडाकडे केला आणि पहिल्यांदाच भाच्याकडे बरोबरीच्या नजरेने पाहिलं. पुढचा तासभर ते दोघंच बोलत होते. मी चहा सांगायच्या कामाचा.

बसल्या बसल्या मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. तळमजल्यावर सगळ्या घरांचे मीटर आणि मेन स्विच आहेत. त्या खोलीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लेकीकडे नाशिकला. आग लागली तर काय करायचं, असं मी सभेत विचारलं होतं. "कुणीही येऊन बंद करील ना हो मग," असं उत्तर मिळालं, आणि सभेने ते मान्य केलं. म्हणजे चाचांचं मत एकट्याचं नव्हतं. आमचं बहुमत त्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडे साध्या मागालासुद्धा थांबायची अक्कल असते: आडवा धागा तुटला की एक काटा ते ओळखतो आणि माग आपोआप उभा राहतो. पण तो धाग्यासाठी थांबतो, हातासाठी नाही. आणि बाहेरच्याने येऊन आपलं काही बंद करावं, हे तर आपल्याला मानहानीच वाटते. शर्यतवाल्यांनी मात्र मुद्दाम लिहून ठेवलंय: मी बोलू शकणार नाही अशी वेळ येईल, तेव्हा ज्याने मला कधी पाहिलं नाही त्या माणसाने धावत यावं आणि माझं सगळं बंद करावं. हे वेगाच्या वेड्यांना सुचलं, सेक्रेटरींना नाही.

संध्याकाळी खटका बसला. निळा त्रिकोण चिकटवला. इंजिन सुरू केलं, भाच्याने बाहेरून लाल चावी फिरवली आणि एस्टीम जागच्या जागी गप्प झाली. बघायला जमलेल्या ड्रायव्हरांपैकी एकाने लगेच हात पुढे केला. मग दुसऱ्याने. मग गल्लीतली पोरं आली. गाडी सहा वेळा सुरू झाली आणि सहा वेळा बंद झाली. चाचा हे सगळं "मैं बोला था" अशा चेहऱ्याने बघत होते.

तेवढ्यात पोरांच्या झटापटीत बंद केलेल्या खटक्याची लाल चावी कुणाच्या तरी हातात उपसून आली. भाचा म्हणाला, काही नाही, ती निघतेच. ट्रॅकवर चावी खटक्यातच ठेवायची, एरवी काढून ठेवली तरी चालते. चावीशिवाय गाडी सुरू होत नाही.

"चावी निकाली तो गाडी कोई नहीं ले जायेगा?" चाचांनी खात्री करून घेतली.

"नाही."

चाचांनी चावी पोराच्या हातातून घेतली, फडक्याने पुसली, आपल्या खिशात टाकली आणि भाच्याला म्हणाले, "तो सीधा बोल ना. चोर स्विच ही तो है!"