वड, वय वर्षे चौदा

स्थळं बघताना वय चोरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. हल्ली ती झाडांनीही उचलली आहे. एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकावर पुनर्विकासाची पाटी लागली, की आवारातला वड रातोरात तरुण होतो. घरमालकांच्या मुंजीच्या फोटोत जो पारंब्यांसकट उभा आहे, तोच सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'वड, अंदाजे वय 14' म्हणून दाखल होतो. शेजारच्या चिंचेचं बारा. नारळ तर अजून दुधाच्या दातांचा.

हा चमत्कार कायद्याच्या पोटात दडलेला आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा कायदा 1975 चा. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' असा मान मिळाला. शिवाय तोडायच्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची, असं ठरलं. साठीच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपं. मग तेच झाड चौदाचं दाखवलं तर शेहेचाळीस खड्डे वाचतात, आणि हेरिटेजची कटकटही टळते. झाड काही जन्मदाखला खिशात घेऊन उभं नसतं.

वयाचा भाव दिल्लीतही निघून झाला आहे. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडायचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं 2021 मध्ये एका झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली. त्यातले 45,000 नुसत्या प्राणवायूचे. आपला साठ वर्षांचा वड या दरानं पंचेचाळीस लाखांच्या घरात जातो. म्हणजे आवारात एक वन बीएचके उभा होता आणि लोक त्याला दोरा गुंडाळत होते! हा दर कुणावर बंधनकारक नाही, हे बांधकाम व्यवसायाचं नशीब.

परवानगीची पद्धत मात्र अगदी लोकशाहीला धरून आहे. वृक्ष प्राधिकरण नोटीस काढतं, ती वर्तमानपत्रात छापली जाते आणि झाडावर लावली जाते. हरकतीसाठी सात दिवस. कधीकधी नोटीस लावणारा माणूस सोयीसाठी चार खिळे वापरतो. झाडाला आपलं काय होणार याची पहिली खबर अशी मिळते. कागद बरोबर त्या बाजूला लागतो जिथे पत्रा ठोकलेला आहे. एका पावसात शाई उतरते आणि 'हरकती प्राप्त झाल्या नाहीत' ही ओळ तेवढी फायलीत कोरडी राहते.

घाईचा नमुना हवा असेल तर आरे. 4 ऑक्टोबर 2019, शुक्रवार. मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली. तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती, आणि जेवढी तोडायची गरज होती तेवढी तोडून झाली, असं सरकारतर्फे न्यायालयाला सांगण्यात आलं. सरकारी काम शनिवार-रविवारी होत नाही असं कोण म्हणतं?

पण करवत हा अडाणी मार्ग झाला. जाणकार बिल्डर झाड 'वाचवतो'. माहितीपत्रकात त्याचं चित्र टाकतो, इमारतीला त्याचं नाव देतो, खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे मारतो आणि भोवती तीन फुटांचं विटांचं आळं बांधतो. आळ्याला वर टाइल्स. मग कामाला लागतो.

कारण झाड म्हणजे खोड, अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे. मुळं खोलवर पाताळात जातात हीसुद्धा. खरं तर बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर पसरतात. ब्रिटनमध्ये बांधकामासाठी जे मानक वापरतात, त्यात खोडाच्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंत जमिनीला हात लावायचा नाही असं धरलं आहे. खोड दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर रुंद असेल, तर चहूबाजूंनी सव्वासात मीटर. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी 2013 मध्ये खोडाभोवती एक मीटर काँक्रीट नको एवढंच सांगितलं, तर तेही फूटपाथवाल्यांना जड गेलं.

त्या सव्वासात मीटरच्या आत काय काय होतं ते साइटवर उभं राहून बघावं. पार्किंगच्या तळघरासाठी जेसीबी एका बाजूची मुळं तोडून नेतो. उकरलेली माती दुसऱ्या बाजूला दीड फूट चढते, त्यामुळे तिकडच्या मुळांना हवा मिळेनाशी होते. सावली बरी म्हणून खडी आणि सळया झाडाखालीच उतरतात. संध्याकाळी मिक्सर धुतला की सिमेंटचं पाणी आळ्यात सोडतात. वर सुपरवायझर सांगतो, "झाडाला रोज पाणी घालतो साहेब."

असं झाड मरायला दोन-तीन पावसाळे घेतं. आधी शेंडा वाळतो, मग वादळात एक दिवस ते कोपऱ्यातल्या गाडीवर पडतं आणि पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं जातं. भोगवटा प्रमाणपत्र केव्हाच मिळालेलं असतं. सोसायटीची बैठक होते, गाडीच्या विम्यावर दोन तास चर्चा होते, आणि रिकाम्या आळ्यात बाटलीपाम लावायचा ठराव एकमतानं मंजूर होतो.

तेव्हा शेजारच्या प्लॉटवर पाटी दिसली, तर झाडाच्या गेरू-चुन्यावर जाऊ नका. पहिला जेसीबी यायच्या आत कुंपण खोडापासून किती लांब पडलंय ते टेपनं मोजा. तक्त्यातलं वय जुन्या फोटोशी ताडून बघा. हरकत लेखी द्या, आणि आवक-जावकच्या खिडकीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.