लिफ्टेच्छू

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी हा जो पट्टा आहे, तिथली जमीन इतकी सपाट आहे की पावसाच्या पाण्यालाही कुठे जावं ते कळत नाही. सर्वांत मोठा चढ म्हणजे टोलवेचा उड्डाणपूल आणि सर्वांत खोल खड्डा म्हणजे वसाहतीतलं शोभेचं तळं. नेमक्या याच भूमीत एक मराठी गृहस्थ हटकून भेटतो, ज्याला आपला पिकअप ट्रक जमिनीपासून आणखी काही इंच उचलून घ्यायचा असतो. उचललेला नसतो, उचलायचा असतो. विवाहेच्छू, तसा हा लिफ्टेच्छू. विवाहेच्छूचं निदान कधीतरी लग्न होतं.

हा मूळचा सांगलीचा, नाशिकचा किंवा चिंचवडचा. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, नोकरी डेटाबेसची. थिअरी ऑफ मशीन्समध्ये रात्री जागून मिळवलेले मार्क वीस वर्षं तसेच पडून आहेत. घरातला डिशवॉशर बिघडला तर तेवढाच यंत्राशी संबंध येतो, आणि बायकोने प्लंबरला फोन केला की तोही संपतो. अशा माणसाच्या दारात एके दिवशी फोर्डचा एफ-१५० येऊन उभा राहतो.

ट्रक घेताना हौस म्हणून घेतला, असं त्याने कबूल केलेलं नसतं. आपल्याकडचा मध्यमवर्गीय माणूस हौसेने काही घेतच नाही. त्याला गरज लागते, आणि ती नसली तर तो तयार करतो. मार्चमध्ये बागेत टाकायला मल्चच्या पिशव्या आणायच्या असतात. आयकियाचं कपाट कॅमरीत बसत नाही. गणपतीत मंडळाचं सामान कोण वाहणार? आणि शेवटचा हुकमी मुद्दा म्हणजे १९७७ पासून अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा ट्रक फोर्डच्या एफ मालिकेचाच आहे. 'एवढे सगळे लोक मूर्ख आहेत का?' या प्रश्नाला बायको जे उत्तर देते, ते तो ऐकून घेत नाही.

पहिले काही महिने सुखाचे जातात. मग एका रविवारी ट्रक धुताना, हातात पाइप धरून तो चार पावलं मागे सरकतो आणि त्याला दिसतं की ट्रकचं नाक खाली आहे. मागच्या चाकावर हाताची मूठ सहज जाईल एवढी फट, पुढे मात्र त्याहून कमी. कारखान्याने हे जाणूनबुजून केलेलं असतं. हौद्यात वजन पडलं किंवा मागे ट्रेलर लागला की मागची बाजू दबते आणि ट्रक समतल होतो. पण त्यासाठी हौद्यात वजन पडायला हवं ना! याच्या हौद्यात वर्षभर प्लॅस्टिकचा एक क्रेट आणि वाऱ्याने आलेला पाचोळा. त्यामुळे ट्रक कायम पुढे वाकलेला. एकदा हे दिसलं की पुन्हा न दिसण्याची सोय नाही.

यावर साधा उपाय आहे. त्याला लेव्हलिंग किट म्हणतात. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर दोन इंचांच्या उंचीपुरती एक चकती बसवायची, चाकांची अलाइनमेंट करून घ्यायची आणि दुपारी घरी येऊन जेवायचं. चकत्यांची किंमत शंभर-दीडशे डॉलर. शहाणा माणूस इथे थांबतो. पण लिफ्टेच्छूमधला इंजिनिअर एव्हाना डोळे चोळत उठून बसलेला असतो. 'चकती म्हणजे पाट,' तो सांगतो. 'पाटावर बसलेला माणूस उंच दिसतो, पण गुडघे त्याचेच.' स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. नुसते कंट्रोल आर्म खाली लोंबकळतात, बॉल जॉइंटचा आणि सीव्ही एक्सलचा कोन वाढतो. त्यापेक्षा बिल्स्टीनचे ५१०० घ्यावेत. त्यांच्या नळीवर खाचा असतात. क्लिप वरच्या खाचेत बसवली की स्प्रिंगची बैठक वर जाते आणि नाक उचललं जातं. शिवाय शॉकअप नवे मिळतात. मग फॉक्स आणि किंग या कंपन्यांचे कॉइलओव्हर आले, ज्यांच्या एका जोडीच्या पैशांत पुण्यात बरी स्कूटर येते. इथवर तो हातवारे करून, रंगून सांगत असतो.

चार आणि सहा इंचांचा विषय निघाला की आवाज खाली येतो. तिथे नुसती चकती चालत नाही. पुढचा डिफरन्शियल ब्रॅकेट लावून खाली घ्यावा लागतो, म्हणजे एक्सलचे कोन जागेवर राहतात. चाकाला धरणारे नकल नवे येतात. मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालतात, नाहीतर जादा पाटा घालतात. आणि बऱ्याच किटमध्ये मूळचा एक आडवा भाग चक्क करवतीने कापावा लागतो. 'कापायचं,' एवढं म्हणून तो गप्प होतो. ट्रकचे हप्ते अजून चालू असतात.

त्याचा खरा संसार एक्सेलमध्ये आहे. रकाने सरकवत सरकवत थेट झेडच्या पलीकडे गेलेले. किटचं नाव, उंची, किंमत, बसवायची मजुरी, वॉरंटी, कोणता टायर घासतो आणि कोणता नाही. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'घरचे', आणि तो पूर्ण रिकामा. वॉरंटीबद्दल मात्र त्याचा अभ्यास पक्का. मॅग्नसन-मॉस कायदा, १९७५. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्या कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. या कायद्याची छापील प्रत ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. डीलरशी वाद झालाच तर काय बोलायचं ते आंघोळ करताना पाठ केलेलं आहे. वाद अजून झालेला नाही, कारण ट्रकला अजून काही केलेलंच नाही.

बायको त्याची परीक्षा एका वाक्यात घेते.

'कशाला हवाय रे उंच?'

'ग्राउंड क्लिअरन्स.'

'कशावरून जायचंय?'

इथे तो खोटं बोलू शकला असता. पण मार्कांच्या वेळी अंगात मुरलेला प्रामाणिकपणा आडवा येतो. कारण त्याला माहीत असतं की सहा इंच लिफ्ट करूनही मागचा एक्सल जमिनीपासून एक सूतही वर येत नाही. उचलली जाते ती बॉडी आणि चौकट. एक्सल चाकांच्या मधोमध असतो, त्यामुळे त्याला उंच करतो तो टायर. मूळचा टायर साधारण ३२ इंचांचा, त्या जागी ३५ चा घातला तर त्रिज्या वाढते दीड इंच. म्हणजे हजारो डॉलर, कापाकापी, गेलेले दोन शनिवार, आणि दगड चुकवायला जादा मिळाले दीड इंच. फ्रिस्कोत दगड नाहीत, हे वेगळंच.

हे सगळं तो बायकोला स्वतःच समजावून सांगतो. असा आरोपी वकिलाला परवडत नाही.

बरं, ३५ चा टायर काही एकटा येत नाही. स्टिअरिंग पुरतं वळवलं की फेंडरच्या आतल्या अस्तराला घासतो. मग तिथलं प्लॅस्टिक कापा. स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा ट्रक पासष्टने धावत असतो; मग तो संगणकातून जुळवून घ्या. टायर जड, म्हणून गिअर रेशो बदलावासा वाटतो. पेट्रोल जास्त पितो, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. यातल्या प्रत्येक गोष्टीला एक्सेलमध्ये स्वतंत्र रकाना मिळाला, हे सांगायला नकोच.

गॅरेजचा हिशोब त्याने मला स्वतः मापून दाखवला. ट्रकची उंची सुमारे ७७ इंच. लिफ्ट सहा, टायरमुळे दीड. बेरीज साडेचौऱ्याऐंशी. टेप घेऊन आम्ही गॅरेजच्या दाराशी गेलो. इकडच्या घरांत हे दार बहुधा सात फुटी असतं. याचंही सात फुटीच निघालं, चौऱ्याऐंशी इंच. टेप तसाच ताणून धरून तो त्या अर्ध्या इंचाकडे पाहत राहिला. 'टायरमधली हवा थोडी कमी ठेवली तर?' तो म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता.

रस्त्यात उचललेला ट्रक दिसला की याचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. एका शनिवारी कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये तो कुणाच्या तरी काळ्या रॅम ट्रकच्या पुढच्या चाकामागे उकिडवा बसून फोनच्या टॉर्चने आत पाहत होता. तेवढ्यात मालक ढकलगाडी घेऊन आला. गाडीत डायपरचा गठ्ठा आणि वर ४.९९ डॉलरवालं भाजलेलं कोंबडं. या भागात ट्रकखालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेणारे चोर आहेत, आणि असा टॉर्च घेऊन बसलेला माणूस पाहिल्यावर मालकाच्या मनात दुसरं काय येणार? 'काही मदत हवी का?' त्याने विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं त्यात मदत कुठेच नव्हती. आपला माणूस गुडघे झटकत उठला आणि म्हणाला, 'अपर कंट्रोल आर्म बदललेत का तुम्ही?' मालकाचा चेहरा उजळला. पुढचा पाऊण तास दोघेही जमिनीवर. कोंबडं निवलं. आमच्या गाडीत याची बायको आइस्क्रीमचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी विषय बदलायचा प्रयत्न करत होतो.

त्याच्या शेजाऱ्याने मात्र त्याचा घोर अपेक्षाभंग केला. शेजारी म्हणजे निवृत्त टेक्सन म्हातारा, सिल्व्हराडो ट्रक सहा इंच उचललेला, ३५ चे टायर. याने वर्षभर धीर गोळा करून विचारलं, की सहाच का, चार का नाही? ड्रॉप ब्रॅकेट कोणत्या विचाराने निवडले? म्हाताऱ्याने ट्रककडे पाहिलं, टोपी मागे सारली आणि म्हणाला, 'छान दिसतो म्हणून.' बस्स. ना ग्राउंड क्लिअरन्स, ना एक्सलचा कोन. याला त्या रात्री झोप नाही. असं थेट सांगता येतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्यात २०२५ पासून टेक्सासने खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीही बंद केली, म्हणजे अडवणारंही कोणी उरलं नाही. अडवणारं कोणी नसलं की आपला माणूस स्वतःच स्वतःला अडवतो.

त्याला मनापासून चीड आहे ती एकाच गोष्टीची: कॅरोलायना स्क्वॉट. ट्रकचं नाक वर आणि पार्श्वभाग खाली टेकवायची एक फॅशन काही वर्षांपूर्वी तिकडे पसरली. चालकाला समोरचा रस्ता दिसायचा नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये कायदाच केला, की पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून उंच नको. असा ट्रक कुठे दिसला की हा मान फिरवतो. 'अशिक्षित,' तो मराठीत म्हणतो.

शेवटी त्याने काहीतरी केलं. गॅरेजवाल्याने विचारलं, 'ट्रक वापरता कशाला?' याने खूप विचार करून खरं उत्तर दिलं: मल्च. गॅरेजवाला सभ्य होता. तो हसला नाही. बिल्स्टीनचे ५१०० बसवा, क्लिप वरच्या खाचेत, नाक पावणेदोन इंच वर, संध्याकाळी घेऊन जा, म्हणाला. संध्याकाळी ट्रक समतल होऊन घरी आला. गॅरेजात सहज शिरला. घरात कुणाला फरक कळला नाही. मुलीने विचारलं, 'धुतलास का?' मग तो येणाऱ्या-जाणाऱ्याला चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावून दाखवू लागला. आधीचं माप कागदावर होतंच. पाहुणे 'वा वा' म्हणत आणि चहाची चौकशी करत.

मग गणपती आले. शाळेच्या पार्किंगमध्ये मिरवणूक, सूर्य मावळतीला आला तरी अंगाची लाही, आणि मंडळाचा रथ म्हणून अर्थातच याचा ट्रक. हौद्यात मागच्या बाजूला गणपती, दोन स्पीकर, जनरेटर, पाण्याचे खोके, आणि वर ढोलपथकातले आठ तगडे आयटीवाले. ट्रक घेतल्यापासून पहिल्यांदाच हौद्यात खरंखुरं वजन पडलं होतं. मागचे पाटे निमूट दबले. कारखान्याने नाक खाली ठेवलं होतं ते याच दिवसासाठी, आणि नाक तर याने वर करून घेतलेलं. तो झेंडूची माळ घेऊन समोर आला आणि जागीच थिजला. बॉनेट आभाळाकडे, मागचा बंपर जमिनीकडे.

चहूबाजूंनी लोक मात्र खूश. 'अरे, लिफ्ट केलीस की! आता कसा दमदार दिसतोय!' कुणी फोटो काढला, कुणी पाठ थोपटली. याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्याने दार उघडून खांबावरच्या पिवळ्या पट्टीवरचं वजन वाचलं, हौद्याकडे पाहत बोटं मोजली. पट्टीचं गणित बसत होतं. नजरेचं बसत नव्हतं. पथकाचा म्होरक्या पहिल्या ठोक्यासाठी टिपरू उगारून उभा. 'एक मिनिट,' हा ओरडला. 'वजन पुढे घ्या, केबिनकडे सरका. जनरेटर आधी.' जनरेटर सरकला, खोके सरकले. नाक बोटभर खाली आलं. तेवढ्याने भागेना. मग पथकातले सर्वांत वजनदार असे तिघं हेरून त्याने हात जोडून खाली उतरवले आणि त्यांना चालत ढोल वाजवायला लावलं. ताशेवाल्यांना वर राहू दिलं. ताशा हलका असतो.