भिंगकाका

नाण्यांच्या प्रदर्शनात भिंगकाका ओळखायला भिंग लागत नाही. शर्टाच्या खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, पिशवीत ग्रॅमचा छोटा काटा आणि चेहऱ्यावर, समोरचा माणूस आत्ताच कुठेतरी फसून आलाय अशी खात्री. पुण्याच्या जुन्या बाजारातही रविवारी हे सापडतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. तुम्ही नाणं अंगठ्याखाली दाबून पुढे केलंत की ते आधी तुमचा अंगठा उचलतात. "कडेला धरा हो, कडेला! घामाचे डाग पडतात."

ज्ञान मात्र पक्कं. पाच मिनिटं उभे राहिलात तर शिकवणी फुकट. झीज आधी उंचवट्यावर येते, म्हणून व्हिक्टोरियाच्या रुपयावर काका आधी राणीचा गाल आणि कानावरचे केस बघतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाकडे ढुंकूनही न बघता त्याच्या झग्यावरचा हत्ती शोधतात. १९११ च्या रुपयावर हा हत्ती असा काही उतरला होता की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेतला. हा सोंडेसकट स्वच्छ दिसला, तर नाणं फार हातांतून फिरलेलं नाही. मग दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवायचं. टांकसाळीची मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. घासून उजळलेलं नाणं नुसतं चकाकतं, आणि भिंगाखाली बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. असा एक रुपया त्यांच्या घरीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काकूंनी चिंच लावून तो लख्ख केला. काका तो पाहुण्यांना अपघाताचा नमुना म्हणून दाखवतात. काकू आतून म्हणतात, "आत्ता कुठे रुपयासारखा दिसतोय!"

एवढं सगळं कळूनही काकांनी नाण्याला लावलेली प्रत, म्हणजे दर्जा, एका गोष्टीवर हलते. नाणं कोणाचं आहे?

परवा एक बाई आजीच्या माळेतला रुपया घेऊन आल्या. काकांनी काट्यावर टाकला. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, हा थोडा कमी भरला. मग भिंग डोळ्याला लावून त्यांनी राणीच्या डोक्यावरची कड दाखवली. "इथं बघा ताई, कडी होती. डाख घासून काढलाय. याला आता प्रतच नाही. चांदीचा भाव देतो." निदान शंभर टक्के बरोबर होतं, बाईंनी मान डोलावली. तोच रुपया पुढच्या प्रदर्शनात काकांच्या टेबलावर मखमलीवर बसलेला होता. "कडेला जरा काम झालंय, पण चेहरा बघा. एक्सएफ, एक्स्ट्रीमली फाइन! केसाची बट न् बट मोजून घ्या." काका खोटं बोलत नाहीत. नाणं त्यांच्या अल्बममध्ये शिरलं की त्यांना ते खरोखरच तसं दिसायला लागतं.

शिवराईवर तर त्यांची प्रतिभा फुलते. हाताने ठोकलेलं नाणं. साचा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' पूर्ण मावणं दुर्मीळच. दुसऱ्याच्या शिवराईवर अर्धा 'शि' दिसला की, "अक्षरंच नाहीत, काय द्यायचं याचं?" स्वतःच्या शिवराईवर तोच अर्धा 'शि' असला की, "झीज वेगळी आणि अपुरा ठसा वेगळा, हे तुम्हाला कधी कळणार?" आणि पंचाईत अशी, की हे शास्त्राप्रमाणे खरं आहे.

आकड्यांत प्रत लावण्याच्या या शास्त्राचे मूळपुरुष अमेरिकेतले. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. सत्तरच का? तर सगळ्यात रद्दड नाण्याच्या सत्तरपट भाव सगळ्यात उत्तम नाण्याला मिळतो, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आकड्यांतली प्रत मुळात भावातूनच जन्मली. या शेल्डनसाहेबांनी न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून घेऊन तिथे स्वतःची कमअस्सल ठेवली होती, हे त्यांच्या मागे कोर्टात सिद्ध झालं. त्या मानाने आमचे काका संतच म्हणायचे.

मध्यंतरी काकांनी दोन रुपये प्रत लावणाऱ्या एका कंपनीकडे पाठवले. एक प्लास्टिकच्या डबीत ६३ आकडा लेऊन परत आला. दुसऱ्याला आकडाच नव्हता, 'साफ केलेलं' एवढाच शेरा. पहिली डबी टेबलावर पुढे असते, कंपनीच्या थोरवीसकट. दुसरीबद्दल विचारलं तर, "पोरं बसवलीत तिथं. भिंग उलटं धरतात."

त्यांच्याकडे शिकायला येणारा इंजिनिअरिंगचा एक मुलगा गेल्या महिन्यात १९०३ चा एडवर्डचा रुपया घेऊन आला. "काका, प्रत सांगा ना." काकांनी भिंग काढलं, डोळ्यापर्यंत नेलं आणि मध्येच थांबले.

"दाखवायला आणलायस की विकायला?"

"दाखवायला."

"मग एक्सएफ. सुंदर आहे रे!"

"आणि विकायचा असेल तर?"

काकांनी भिंग सदऱ्याला पुसलं. "तसं असेल तर आधी चहा घेऊ. इथं उजेड बरोबर नाही."